नळीतलं अक्षर

निऑनची पाटी बनवणारा माणूस ती मागच्या बाजूने बनवतो. कागदावर अक्षर आरशात दिसावं तसं उलटं काढलेलं असतं आणि त्या रेघेवर तापून मऊ झालेली काचेची नळी ठेवून वळवायची असते. टेबलाला टेकलेली बाजू सपाट राहते आणि रस्त्यावरच्या माणसाला तीच सपाट बाजू दिसायला हवी. नळीचे उचललेले, मागे वळवलेले, सांधलेले भाग सगळे कारागिराकडे येतात. मी तरुणपणी काही वर्षं देवनागरी अशी उलटीच वाचली. अजूनही रस्त्यात एखादी पाटी दिसली की ती मनात आधी उलटी होते, आणि ही वळवायला सुरुवात कुठून करावी लागली असती हे शोधायला मन लागतं.

मी मूळचा श्रीगोंद्याचा, आणि आधी पेंटर. आमच्याकडे पेंटर म्हणजे पाट्या आणि भिंती रंगवणारा. पत्र्याला लाल ऑक्साइडचा हात, त्यावर सफेदा, मग खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारायची की सरळ ओळ उमटते. त्या ओळीला शिरोरेषा टांगायची आणि तिच्याखाली अक्षरं. कृषी सेवा केंद्रं, दूध संकलन केंद्रं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, काष्टीच्या जनावरांच्या बाजारात जाणाऱ्या टेम्पोंवरचे नंबर, शेख महंमद महाराजांच्या यात्रेत थाटलेल्या दुकानांचे फलक, अशी सगळी कामं असायची. हात बसला की दिवसाला बऱ्यापैकी काम उरकायचं. ब्रशला एक मोठी सवलत असते, ती मला तेव्हा सवलत वाटत नव्हती. ब्रश उचलता येतो. ‘ग’चा वाकडा भाग काढला, ब्रश उचलला, काना ओढला. ‘क’च्या पोटातून उभी रेघ मारली, पुन्हा उचलला, उजवीकडचा आकडा काढला. अक्षर कितीही तुकड्यांत काढा, वाळल्यावर ते एकसंध दिसतं.

मुंबईला मी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात गेलो. चुलते गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर त्यांची नोकरी गेली होती आणि ते मिळेल ते काम करत होते. त्यांच्या ओळखीने मला सेनापती बापट मार्गाच्या मागच्या एका गल्लीतल्या गाळ्यात लावलं. पाट्या रंगवणारा पोरगा आहे, अक्षर चांगलं आहे, एवढ्यावर मला घेतलं. गाळ्यात निऑनच्या नळ्या वळवायचं काम चालायचं. वळवणारे मुख्य कारागीर मालवणकडचे होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही मास्तरच म्हणायचो.

मास्तरांनी मला काचेला हात लावू दिला नाही. एक पेन्सिल आणि रद्दी कागदांचा गठ्ठा दिला. “क काढ. पेन्सिल उचलायची नाही. आणि काढलेल्या रेघेवरून परत जायचं नाही.”

“मग पोटातली रेघ कशी यायची, मास्तर?”

“तेच शोध.”

नळीत वायू भरलेला असतो. एका टोकाच्या इलेक्ट्रोडपासून दुसऱ्या टोकाच्या इलेक्ट्रोडपर्यंत वीज त्या वायूतून जाते आणि वायू उजळतो. म्हणजे नळी कुठेही तुटून चालत नाही. अक्षराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायचं असेल तर नळी मागे वळवायची, मागच्या मागे न्यायची आणि हव्या त्या ठिकाणी पुढे आणायची. मागच्या त्या भागावर काळा रंग देतात, म्हणून तो रात्री दिसत नाही. उजेड तिथेही असतो, फक्त झाकलेला असतो. मास्तर त्याला अक्षराची वाट म्हणायचे. वाटेत झाकायचा भाग जितका कमी, तितकी पाटी चांगली. नळी कमी लागते, वळणं कमी पडतात, फुटायची भीती कमी होते आणि दिवसाउजेडी पाटी काळ्या पट्ट्यांनी भरलेली दिसत नाही.

काही आठवडे मी फक्त वाटा शोधत होतो आणि तोवर माहीत असलेली बाराखडी मला नव्याने शिकावी लागली. ‘ळ’ एका दमात जातो, कुठेही मागे जावं लागत नाही. दोन पाकळ्यांचा मराठी ‘ल’ही तसाच गुणी. पुढे 2009 साली राज्य सरकारने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावा असा निर्णय काढला, तेव्हा मला त्या ‘ल’चा मनापासून आनंद झाला. दांड्याच्या ‘ल’ला नळी एकदा जास्त मागे न्यावी लागते, हे मला बोटांनी माहीत होतं. ‘ग’ आणि ‘ण’ यांचे काने सुटे असतात, त्यामुळे मागून उडी घ्यावीच लागते. ‘क’ची रेघ स्वतःलाच छेदते, आणि जिथे छेद तिथे एक नळी दुसरीच्या मागून काढावी लागते.

सगळ्यात अवघड शिरोरेषा. इंग्रजी अक्षरं एकेकटी उभी असतात. गुजराती अक्षरांना माथ्यावरची रेघच नसते, त्यामुळे मुंबईतल्या गुजराती पाट्या आम्हाला सोप्या जायच्या. मराठीत सगळा शब्द एका रेघेला टांगलेला. गिऱ्हाइकाची पैसे मोजायची तयारी असेल तर मास्तर शिरोरेषेची स्वतंत्र लांब नळी करायचे आणि अक्षरं तिच्याखाली वेगळ्या नळ्यांनी लावायचे. स्वस्तातल्या पाटीत प्रत्येक अक्षर आपापलं छप्पर घेऊन यायचं. नळी माथ्यावरून पुढे जाऊन मागून परत यायची, मग काळा रंग नीट बसला नाही तर डोक्यावरची रेघ अक्षरापेक्षा जास्त तळपायची. काही कारखाने शिरोरेषा सरळ गाळून टाकत. मास्तरांना ते पटत नसे, मलाही पटलं नाही. शिरोरेषा काढली की शब्द लांबून शब्दासारखा ओळखू येत नाही, आणि पाटी तर लांबून वाचण्यासाठीच असते.

गाळ्याच्या भिंतीवर वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवलेली होती. नाटकांच्या जाहिरातींतली नावं, कमल शेडगे यांच्या हातची. मराठी नाटकाचं नाव त्या काळी त्यांच्या अक्षरांनीच लोकांच्या डोळ्यांत बसलेलं असायचं. मास्तर जेवणाच्या सुट्टीत त्यांतलं एखादं नाव बोटाने गिरवत बसायचे आणि याची वाट निघते का बघायचे. बऱ्याचदा निघायची. हाताने विचार करून काढलेल्या अक्षराला वाट असते, हे मी तिथे शिकलो.

दादरच्या एका मिठाईवाल्याची ‘श्रीखंड’ अशी पाटी होती. तिच्यावर मी पहिल्यांदा शेवटपर्यंत मास्तरांच्या हाताखाली होतो, म्हणून ती नीट सांगता येईल. ‘श्री’मध्ये दोन काने, वरून येणारी वेलांटी, देठाची गाठ आणि पायातली ‘र’ची तिरकी रेघ. मास्तरांची वाट अशी होती. वेलांटीच्या डाव्या टोकापासून सुरुवात. कमान घेऊन शेवटचा काना खाली. तळाशी नळी मागे, मागच्या मागे आधीच्या कान्याच्या पायाशी. तिथे पुढे येऊन तो काना वर. माथ्यावर पुन्हा मागे जाऊन देठाशी बाहेर. मग गाठ, आणि शेवट पायातल्या तिरक्या रेघेवर. एका नळीची लांबी पुरत नसे, म्हणून दोन नळ्या ज्योतीवर सांधून पुढे जायचं.

काच बर्नरच्या ज्योतीवर धरून सतत फिरवायची, नाहीतर खालची बाजू लोंबते. नळीचं एक टोक बुचाने बंद असतं. दुसऱ्या टोकाला बारीक रबरी नळी लावलेली असते आणि तिचं टोक कारागिराच्या तोंडात असतं. काच मऊ झाली की ज्योतीतून बाहेर काढून कागदावर ठेवायची, वळवायची, आणि वळवता वळवता हलकी फुंकर मारायची. वळणावर काच आत चेपते, ती फुंकरीने पुन्हा गोल होते. फुंकर जास्त झाली तर तिथे फुगा येतो, भिंत पातळ होते आणि पुढे कधीतरी नळी तिथेच फुटते. कमी झाली तर वळण चपटं राहतं. हे सगळं काच घट्ट व्हायच्या आत, चार-दोन सेकंदांत. मास्तरांचे दोन्ही हात, डोळे आणि श्वास एकाच वेळी एका जागी असायचे. त्या वेळी कोणी हाक मारायची नाही, असा गाळ्याचा नियम होता.

वळवलेल्या नळीत उजेड भरायचा तर आधी तिच्यातली हवा काढावी लागते, आणि नुसता पंप लावून काचेला चिकटलेली घाण सुटत नाही. म्हणून इलेक्ट्रोडना मोठा विद्युतप्रवाह देऊन अख्खी नळी आतून तापवतात. मास्तर काचेवर कागदाचा कपटा ठेवायचे. तो तपकिरी पडायला लागला की काच पुरेशी तापली असं समजायचं. त्यानंतर इलेक्ट्रोड लालभडक होईपर्यंत थांबायचं. पंप सगळी घाण ओढून घेई. नळी निवली की निऑन आत सोडायचा, तोही अगदी थोडा, बाहेरच्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. मग बारीक ज्योतीने तोंड वितळवून बंद. पाटीच्या ट्रान्सफॉर्मरवर पंधरा हजार व्होल्टपर्यंत दाब असतो. तो दिला की काचेतून तांबडा-नारिंगी उजेड उठतो. साध्या काचेत, कुठलाही रंग न लावता तो तसा येतो, कारण तो निऑनचा स्वतःचा रंग आहे.

निळ्यासाठी आरगॉन आणि पाऱ्याचा एक थेंब लागतो. नळी बंद केल्यावर तो थेंब आतून सगळीकडे फिरवून आणायचा असतो. मास्तर नळी दोन्ही हातांत धरून हळूहळू तिरपी करत. थेंब वेलांटीवरून काना उतरे, मागच्या भागात दिसेनासा होई, दुसऱ्या कान्यावर चढावा म्हणून मास्तर मनगट फिरवत, आणि शेवटी तो देठाच्या गाठीत गरगरून पायातल्या रेघेशी येऊन थांबे. मास्तरांच्या हातात पारा शाळेतल्या पोरासारखा अक्षर गिरवायचा. मग वीज द्यायची. आधी फिकट जांभळट उजेड दिसायचा, पारा तापून त्याची वाफ नळीभर पसरली की अक्षर निळं होऊन जायचं.

निऑन वायूचा शोध 1898 साली लंडनमध्ये विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी लावला. हवेत तो इतका थोडा असतो की एक लाख लिटर हवेत जेमतेम पावणेदोन-दोन लिटर सापडेल. तो हाती येण्यासाठी हवा आधी द्रव करावी लागते. पॅरिसचे जॉर्ज क्लोद यांचा धंदाच द्रव हवेचा होता आणि निऑन त्यांच्याकडे उपउत्पादन म्हणून साठत होता. 1910 च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात त्यांनी निऑनच्या लांब नळ्या उजळून दाखवल्या. दोन वर्षांनी तिथल्या एका केशकर्तनालयावर निऑनची पाटी लागली. हेच क्लोद दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या बाजूने उभे राहिले आणि 1945 साली फ्रान्सने त्यांना जन्मठेप दिली. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, माणसाबद्दल नाही.

मुंबईत हा उजेड सिनेमागृहांबरोबर रुळला. रीगल 1933 चं, मेट्रो आणि इरॉस 1938 ची, लिबर्टी 1949 चं. आर्ट डेको पद्धतीच्या या इमारतींत नावाची अक्षरं दर्शनी भागाचाच हिस्सा असतात. ती नंतर टांगलेली वाटत नाहीत. मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मी त्या बातमीत अक्षरांबद्दल काही लिहिलंय का ते शोधत होतो.

एवढ्या उजेडाला वीज कुठून आली, हा प्रश्न मला गाळ्याबाहेरच्या रस्त्याच्या नावाने पाडला. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं, त्यामागून भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा. भिऱ्याला पाणी येतं मुळशीच्या धरणातून, आणि त्या धरणाविरुद्ध 1921 पासून मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. सेनापती हे नाव त्यांना याच लढ्याने मिळालं. बापट पारनेरचे, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यातले. मुळशीची मुळा नदी पुढे मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा आमच्या तालुक्याच्या दक्षिण कडेने पेडगावच्या किल्ल्याखालून वाहते. जे पाणी आपल्या वाटेने पेडगावला आलं असतं, ते धरणाने अडवून सह्याद्रीपलीकडे कोकणात सोडलं आणि त्यावर मुंबई उजळली. त्या उजेडाच्या पाट्या आम्ही बापटांच्याच नावाच्या रस्त्यामागे बसून बनवत होतो. हे मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी बर्नर बारीक केला आणि म्हणाले, “पाणी गेलं त्या लोकांना वीज मिळाली काय रे?” मला उत्तर माहीत होतं. आमच्याकडे तेव्हा शेतीची वीज रात्री-अपरात्री यायची आणि लोक कंदील घेऊन मोटार चालू करायला जायचे.

दुरुस्तीसाठी गच्च्यांवर जावं लागे. समुद्राजवळच्या पाट्यांवर खाऱ्या हवेचा थर बसतो आणि पहिल्या पावसात वीज त्या थरावरून पळते. निळी ठिणगी तडतडते, वेगळाच उग्र वास सुटतो. पाटीच्या खाली बाहेरून हाताला येईल असा वेगळा स्विच ठेवलेला असे, आग लागली तर बंबवाल्यांना आधी वीज तोडता यावी म्हणून. पण पावसाळा सोडला तर निऑन टिकाऊ. त्यात तार नसते, त्यामुळे जळून तुटण्यासारखं काही नाही. नीट धुऊन भरलेली नळी दशकानुदशकं चालते, आणि फुटली तरी तुकडा बदलून, सांधून पुन्हा भरता येते. मास्तर कधीकधी मागच्या भागावरचा काळा रंग खरवडून बघायचे आणि सांगायचे, हे वळण अमक्या कारखान्यातल्या माणसाचं. अक्षरावर सही नसते, पण वाट कोणी काढली हे ओळखू येतं.

या धंद्याची काळी बाजूही लिहिली पाहिजे. आम्ही ज्या पांढऱ्या पत्र्यावर तापलेली काच ठेवायचो तो ॲस्बेस्टॉसचा होता. त्याचा भुगा टेबलावर, कपड्यांवर, डब्यावर पडायचा. पारा उघड्या बाटलीत असायचा, सांडला तर झाडूने गोळा करायचा. हातमोजे, मास्क यांचं नाव आम्ही ऐकलं नव्हतं. मालकाने कधी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. शेवटच्या वर्षांत मास्तरांचे हात कापायला लागले. नळी वळवताना ते स्थिर व्हायचे, चहाचा कप धरताना कापायचे. पाऱ्यामुळे झालं की वयामुळे, हे कुठल्याही डॉक्टरने लिहून दिलं नाही. पाऱ्याच्या वापरावर बंधनं घालणारा मिनामाटा करार 2017 साली अमलात आला. निऑन पुन्हा यावं असं हळव्या सुरात लिहिलेलं वाचतो तेव्हा मला तो कप आठवतो. ते काम जसं होत होतं तसं पुन्हा होऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

गाळा नव्वदच्या दशकात थंडावत गेला. आधी ग्लो साईन आले, आत ट्यूबलाइट आणि पुढे छापील फ्लेक्स. ज्या पाटीला आम्हाला आठवडा लागायचा, ती दुसऱ्या दिवशी लागायला लागली. मग एलईडी आले. माझे शेवटचे काही महिन्यांचे पैसे राहिलेच, ते मी पुन्हा मागितले नाहीत, कारण मास्तरांचे त्याहून जास्त राहिले होते. मी श्रीगोंद्याला परत आलो.

इथे निऑनचं दुकान टाकावं असं मनात होतं, पण ते उभं राहण्यासारखं नव्हतं. निऑनला सलग आणि सारखी वीज लागते. आमच्याकडे तासन् तास भारनियमन, आणि वीज असली तरी दाब कमी-जास्त. पंप, बर्नर, वायूचे फ्लास्क, ते संपले की मुंबई. शिवाय वळवलेली काच टेम्पोतून खड्ड्यांच्या रस्त्याने न्यायची. तालुक्याच्या गावांत निऑन आलं नाही त्याचं कारण हौस नव्हती हे नाही. आमच्याकडच्या यात्रांतली रोषणाई बघितली तर हौस कळेल. निऑनला मागे सगळं शहर उभं असावं लागतं.

मी पुन्हा ब्रश धरला. पुढे रेडियम कटिंगचं मशीन घेतलं, ते अजून चालतं. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या येतात, त्यांना मागून लाल आणि बाजूंनी पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्या लावायच्या असतात. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. त्यामुळे या कामात मी कधी घाई करत नाही आणि पत्रा धुतल्याशिवाय पट्टी लावत नाही, कारण मळीच्या चिकट थरावर लावलेली पट्टी आठवड्यात निघून पडते. फ्लेक्सचं काम मी केलं नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सांनी चौक भरले तेव्हाही केलं नाही. आणि 13 मे 2024 रोजी घाटकोपरचं जाहिरातीचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसं गेली, त्या दिवसापासून पाटी कशावर उभी आहे हे बघितल्याशिवाय मी कुठलंच काम घेत नाही.

आता मुलगा आणि त्याचे दोन मित्र एलईडीचं काम करतात. ॲक्रिलिकवर सीएनसी मशीनने खाच पाडायची आणि तिच्यात मऊ पट्टी बसवायची. तिला बाजारात निऑनच म्हणतात. वायू नाही, पारा नाही, बारा व्होल्ट, पोरांचे हात सुरक्षित. मला ते मनापासून आवडलं. पण त्यांची पहिली मराठी पाटी बघितली तेव्हा ‘श्री’ तुकड्यांचा झाला होता. देठ एक, गाठ दुसरी, काना तिसरा, वेलांटी वेगळीच, आणि प्रत्येक सांध्यावर उजेडाची फट.

त्याचं कारण पोरांच्या हातात नव्हतं, ते फाइलमध्ये होतं. कॉम्प्युटरचा फॉन्ट अक्षराची कड सांगतो. बाहेरून अक्षर कुठे संपतं, आतली पोकळी कुठे सुरू होते, एवढं त्याला माहीत असतं. पेन कुठून निघाला, कुठे वळला, कशाच्या मागून गेला, हे त्या फाइलमध्ये कुठेच नाही. छापायला ते चालतं. पट्टीला चालत नाही, कारण पट्टीही नळीसारखीच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. ती कुठेही कापता येत नाही, ठरावीक अंतरावरच्या खुणेवरच कापावी लागते. कापली की मागे भोक पाडून वायर न्यायची आणि डाग द्यायचा. जितके तुकडे तितके डाग, आणि जितके डाग तितक्या पावसाळ्यातल्या तक्रारी.

इंग्रजीसाठी तयार वाटा इंटरनेटवर भरपूर मिळतात. मराठीसाठी पोरांना मिळाल्या नाहीत. दुकानांच्या मराठी पाट्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि देवनागरी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत हा नियम सगळ्यांना पाळावा लागला, तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या कामांचे फोन आमच्यापर्यंत आले. त्या वेळी रस्तोरस्ती लागलेली अक्षरं बघून मला वाईट वाटलं. अक्षरं मोठी झाली होती, पण कितीतरी पाट्यांवर शिरोरेषा मधेच तुटलेली, वेलांटी कान्यापासून सुटलेली, रफार भलत्याच अक्षरावर. मराठीत पाटी लावायचा कायदा झाला, पण ते अक्षर कसं उभं राहतं हे माहीत असलेली माणसं तोवर पांगून गेली होती.

म्हणून मी वही केली. चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर मोठं काढायचं, सुरुवातीला भरलेलं टिंब, दिशेला बाण, मागून जाणारा भाग तुटक रेघेने. वाट बरोबर आहे का हे पोरं पट्टी टाकून तपासतात. नसेल तर खोडायची. सोपी अक्षरं झाली. ‘श्री’ला मास्तरांचीच वाट ठेवली आहे, तिच्यात सुधारण्यासारखं मला काही सापडलं नाही. पट्टीचं वळण काचेइतकं घट्ट बसत नाही, म्हणून ‘ट’ आणि ‘ठ’ थोडे फुगीर करावे लागले. ‘क्ष’ दोनदा बदलला. मुलाने ‘ज्ञ’ची वाट माझ्याहून चांगली काढली आणि वहीत तीच आहे.

सध्या काष्टीच्या रस्त्यावरच्या एका कृषी सेवा केंद्राची पाटी हातात आहे. मालकाला ‘शेतकऱ्यांचे हक्काचे दुकान’ एवढं सगळं उजेडात हवंय, शिरोरेषेसकट. ‘ऱ्या’मधली ती छोटी आडवी कमान अडते आहे. तिची लांबी पट्टीच्या दोन खुणांमधल्या अंतरापेक्षा कमी भरते. वेगळी लावली तर तिच्यासाठी दोन भोकं आणि दोन डाग, आणि ‘क’च्या आकड्यातून ओढून आणली तर शिरोरेषेखाली गर्दी होते. मालक म्हणाले, “दादा, ‘शेतकरी’ करा ना, सोपं जाईल.” मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले आहेत.